शिखररावांचा निरोप

पार उत्तरेच्या एका बर्फाळ बेटावर फार पूर्वी चार-चार महिने सूर्य उगवत नसे. बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराला सगळे शिखरराव म्हणत. अंधार सरला की पहिलं ऊन त्याच्याच माथ्यावर पडे, आणि शिखरराव गरजत, "आणला बरं का सूर्य!" मग कोल्हे, अस्वलं, वालरस पायथ्याशी लोटांगण घालत.

एका वर्षी म्हाताऱ्या अस्वलाची कंबर धरली, म्हणून ते वाकलं नाही. शिखरराव भडकले, "आता पुढच्या वर्षी सूर्य आणणारच नाही!"

हिवाळ्याच्या तोंडावर सुरय नावाची चिमुकली पक्षीण नेहमीसारखी सूर्यामागोमाग दक्षिणेला निघाली. शिखरराव म्हणाले, "त्याला सांग, मी बोलावल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही."

"सांगते की," सुरय म्हणाली. "पण निरोप कुणाचा म्हणून सांगू? तिकडे तुमचं नाव कुणी ऐकलेलं नाही."

हे सगळ्यांनी ऐकलं. शिखररावांनी ढग डोक्यावर ओढून घेतला.

चार महिन्यांनी, नेहमीच्याच दिवशी, सूर्य उगवला.

"दया आली मला, म्हणून बोलावून घेतला!" शिखरराव गरजले.

न जाणो, खरंच असेल, म्हणून पायथ्याशी लोटांगणाला सगळ्यांत आधी आडवं पडलं, ते म्हातारं अस्वल.