राणी म्हाळसेची तिसरी हाक

एका राज्यात धुकं हटेनासं झालं होतं. जोंधळ्यात दाणा भरत नव्हता आणि सिंहासन रिकामं होतं. राजा पद्मकेतूनं शिकारीत एका मांत्रिकाचं पाळलेलं रानबदक मारलं होतं. मांत्रिकानं जागच्या जागी राजालाच रानबदक करून उडवून दिलं.

राणीला त्यानं एवढंच सांगितलं, की दर हिवाळ्यात रानबदकांचा थवा नगराबाहेरच्या या ओढ्यावर उतरेल. त्यातला आपला राजा ओळखावा नि नावानं हाक मारावी. हाका तीनच. तिसरी चुकली, की राजा कायमचा गेला.

राणी म्हाळसा तेव्हा बावीस वर्षांची होती. पहिल्या हिवाळ्यात तिनं थव्यातल्या सर्वांत देखण्या, हिरव्या मानेच्या नराला हाक मारली. तो उडून गेला. सातव्या हिवाळ्यात हातचे दाणे टिपणाऱ्याला हाक मारली. तोही गेला. मग तिचा धीरच खचला. ती येई, काठानं चाले, पाही आणि परते. अशी एकूण तीस वर्षं सरली.

यंदा तिचे गुडघे भरून आले होते. काठावरच्या दगडावर ती टेकली. पलीकडून टिटवी बोलली, "राणी, कोणाला शोधतेस?"

"राजाला."

"कोणत्या वयाच्या?"

इतकी वर्षं राणीचे डोळे एका पंचविशीच्या तरुणालाच धुंडाळत होते. तिनं पुन्हा पाण्याकडे पाहिलं. थव्याच्या मागे एक पिसं झडलेलं बदक होतं. दोन हात पोहायचं, थांबायचं, मान पंखात घालायचं.

"पद्मकेतू," ती हळूच म्हणाली.

पाण्यातून एक म्हातारा उठला. दाढी पांढरी, खांदे वाकलेले. धुकं वर सरकलं आणि दूरच्या शिवारात ऊन पडलं.

"दर वर्षी तू दिसायचीस," राजा म्हणाला.

"मग जवळ का आला नाहीत?"

"बदकाला माणसाचं भय असतं, राणी."

तिनं आपली शाल त्याच्या अंगावर घातली. नगरातून नौबत ऐकू येऊ लागली. लोक पालखी घेऊन निघाले असावेत. राजानं तिला चालवेल का, म्हणून विचारलं. राणी म्हणाली, "येऊ देत त्यांना. आपण जरा बसू."

दोघं दगडावर टेकून बसली, आणि राणीनं तीस वर्षांत पहिल्यांदा थव्याकडे पाठ केली.