मिरचीची पंगत, पाचटाची वाकळ

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका. एक राजा होता, आणि त्याची जीभ त्याच्यावर रुसली होती.

रुसली म्हणजे कशी? तर कशाचीच चव लागेना. खीर खाल्ली तरी पेंड, आमटी प्यायली तरी पेंड. राजा आधीच तापट, बरं का. त्यानं काय करावं? मला चव नाही तर कुणालाच नको, म्हणाला. दवंडी पिटवली, की माझी जीभ जागी होईपर्यंत राज्यात कुणी जेवणात तिखट घालायचं नाही. मग शिपाई नाक वर करून गल्लोगल्ली फिरायला लागले. कुठं फोडणीचा ठसका आला की चुलीवरची कढई जप्त. झालं. घरोघरी पांढरी आमटी, पांढरी भाजी. पोरं ताटावर बसून रडायची. तुम्ही भोपळ्याला रडता ना, तशी.

मग वैद्यबुवा आले. त्यांनी राजाला आ करायला लावलं, जीभ खालून वरून बघितली आणि सांगितलं, की हिला ठिणगी मिरचीच पाहिजे, दुसरीचं हे काम नाही. आता ठिणगी मिरची कुणाच्या रानात? तर कुणाच्याच नाही. ती लावायचं लोक केव्हाच विसरले होते.

बी मात्र होतं, एका बाईकडे. बायाक्का तिचं नाव. गावाच्या टोकाला राहायची आणि लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायची. वाकळ म्हणजे आपली गोधडी, ही तुमच्या अंगावरची. तिच्या आईनं जाताना तिला बियांची एक पुरचुंडी दिली होती. म्हणाली होती, बाये, हे बी संपलं की ठिणगी संपली, जप. बायाक्कानं ते इतकं जपलं, इतकं जपलं, की कधी पेरलंच नाही.

आता ज्याच्याकडे ठिणगी असेल त्यानं ती आणावी, असा राजाचा निरोप गावोगाव आला आणि तिचा जीव खालीवर झाला. पण पोरांची तोंडंही बघवेनात. शेवटी तिनं आढ्याला टांगलेली पुरचुंडी सोडली आणि बियांचे तीन वाटे केले.

पहिल्या वाट्याची रोपं छान तरारली. वीतभर झाली. पण तिचं रान एवढंसं, आणि एकही रोप टाकून द्यायला जीव होईना. मग तिनं सगळी लावली, एकाला खेटून एक. लांबून रान कसं हिरवंगार. बायाक्का खूश. पण आत वारा शिरेना, ऊन पडेना, पानं ओली ती ओलीच. रोपं नुसती उंच गेली, फुलं गळली, पानांवर बुरशी चढली. एका दुपारी ती बांधावर बसली होती, तर रानातून बारीक आवाज आला. एक म्हणतेय, "सरक की गं." दुसरी म्हणतेय, "कुठं सरकू? हिचा पाय माझ्या पायावर." मिरच्या भांडत होत्या, बरं का. पण आता उशीर झाला होता. पहिला वाटा गेला.

मग बायाक्का चिडली. भांडता ना, मग बसा लांब लांब, म्हणाली. दुसऱ्या वाट्याची रोपं तिनं दहा-दहा हातांवर लावली, एक या बांधाला तर दुसरं त्या बांधाला. भांडण मिटलं. पण मधली जमीन सगळी उघडी. सकाळी पाणी घालावं तर दुपारी मातीचा पापड. आणि ओल जिथं थोडी राहिली, तिथं तण माजलं. बायाक्काची कंबर खुरपून खुरपून मोडली. रोपं बिचारी खुरटली, मिरच्या आल्या त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, आत बीसुद्धा नाही. एक दिवस ती तिथंच मटकन बसली, तर खालून जमीनच बोलली.

"बायाक्का, साऱ्या गावाला पांघरूण शिवतीस. माझ्याच अंगावर का गं काही नाही?"

बायाक्काला फार लाज वाटली. तिनं तापलेल्या मातीवरून हात फिरवला आणि पोटभर रडली.

आता उरला तिसरा वाटा. मूठभर बी. हे गेलं की ठिणगी गेली, आणि साऱ्या राज्याच्या नशिबी कायमची पांढरी आमटी. तिनं भीत भीत बी टाकलं, रोपं वीतभर झाली, पण लावायला हात उचलेना. तेवढ्यात गावात लग्न निघालं. पंगत मांडायचा मान नेहमी बायाक्काचा. कोपराला कोपर लागू नये, पण शेजारच्याच्या पानात आपली जिलेबी सरकवता यावी, अशी ती पानं मांडायची. चार पानं मांडली, पाचवं हातात तसंच धरून ती थांबली. मग स्वतःशीच हसली.

घरी गेली आणि रोपांची पंगत मांडली. दोन रोपांत हातभर, दोन ओळींत दीड हात. जास्तीची रोपं ओंजळीनं शेजारणींना वाटून टाकली. मग उसाच्या फडातून पाचट आणलं, म्हणजे उसाची वाळलेली पानं. लोक ते जाळून टाकतात, बायाक्कानं त्याचीच वाकळ केली आणि चार बोटं जाड अंथरली. फक्त प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी थोडी जागा मोकळी सोडली. गळ्याशी गच्च पांघरूण घेतलं की घुसमटतं ना, तसंच त्यांचं.

मग काय! पाचटाखाली ओल राहिली, तणाला डोकं काढता येईना, गांडुळं राहायला आली. बायाक्का दुपारी कान देऊन बसली. मिरच्या गप्प. आणि जमीन चक्क घोरत होती.

बघता बघता रान लाल झालं. बायाक्का पदरात पाच मिरच्या घेऊन दरबारात गेली. राजानं एक चावली. काही नाही. दुसरी चावली. काही नाही. बायाक्कानं पदर आणखी पुढं केला. राजानं तिसरी चावली. आधी त्याचे कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून धारा. सिंहासनावरून उठला, ताकाचा तांब्या तोंडाला लावला, आणि एकदम थांबला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे ताक आंबट आहे."

आणि लहान पोरासारखा हसायला लागला.

मग त्यानं विचारलं, तुला काय देऊ? बायाक्का म्हणाली, "मला काही नको, महाराज. पोरांच्या ताटात तिखट येऊ द्या." त्या दिवशी घरोघरी फोडण्या पडल्या आणि सारं राज्य ठसक्यानं खोकलं, शिपाईसुद्धा. बायाक्कानं बी पुन्हा पुरचुंडीत बांधलं नाही. घराघरांत मूठ मूठ वाटलं. तेव्हापासून ठिणगी काही संपली नाही आणि राजाची जीभ काही रुसली नाही.

चला आता. दिग्या, कोपर आवर, हातभर सरक तिकडं. शमे, तू फार लांब गेलीस, इकडं ये. हं, अशी पंगत. ही घ्या वाकळ. गळ्याशी गच्च नको. घोरा आता.