लेबल न काढलेला गॉगल

वस्तू बोलत आणि माणसं ते ऐकून घेत, त्या काळी देवरुखकर चष्मेवाल्यांच्या कपाटात मधाच्या रंगाचा एक रुंद गॉगल पडून होता. गिऱ्हाईक त्याला हातात घेई, हसे आणि परत ठेवी. एकदा तरी ऊन बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पुढे कंपनीने तसे गॉगल बनवणं बंद केलं आणि कुणालाच नको असलेला गॉगल सगळ्यांना हवासा झाला. गॉगल जमवणारे एक शौकीन मोटारीतून आले.

"काचेवरचं लेबल शाबूत आहे ना? मग मागाल ते देतो."

"आता मला ऊन दिसेल?" गॉगलने विचारलं.

"छे! मखमली पेटीत राहशील. माझ्याकडचा एकही गॉगल कुणी घातलेला नाही."

"भाव आला की रे तुला! रडतोस काय?" शेजारची चाळिशी म्हणाली.

"भाव आला गं, पण नाक कुठे मिळालं?"

देवरुखकरांनी नखाने लेबल काढलं, गॉगल डोळ्यांवर चढवला आणि ते दाराबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

"अहो, मातीमोल केलंत त्याला!" शौकीन ओरडले.

"ते राहू द्या. मला शोभतो का, सांगा."

शौकीन रागारागाने मोटारीकडे निघाले. ऊन फार होतं, म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.