जाजमाखालचा केर

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? घाण दाखवणाऱ्यावर की लपवणाऱ्यावर? दोष झाकण्याला इंग्रजीत ‘केर गालिच्याखाली सारणं’ म्हणतात. एका केरसुणीने ते खरोखरच केलं.

वस्तू बोलत असत त्या काळी ती गुणवंतशेठांच्या धान्याच्या दुकानात होती. लक्ष्मीपूजनाला आपल्याला हळदकुंकू लागावं, एवढाच तिचा ध्यास. शेठजी वरवर बघून खूश होत, म्हणून ती ओला भुसा, गोणपाटाचे तुकडे, सगळं जाजमाखाली सारी.

“अगं, पोटाखाली काहीतरी वळवळतंय,” जाजम कळवळलं. “शेठजींना सांग ना!”

“गप रे बाबा! सण तोंडावर आलाय. आता बोंब झाली तर मला पूजेला कोण बसवील?”

सणाच्या दिवशी शेठजींनी झटकायला जाजम उचललं, तर हातात नुसते काठ आले! मधलं सगळं वाळवीने फस्त केलं होतं.

“अरे, बोल की रे,” केरसुणी त्या काठांकडे बघत पुटपुटली. पण बोलायला जाजम उरलंच नव्हतं.

तेवढ्यात शेठाणीबाई कुंकू घेऊन आल्या. “बिचारी रोज राबते. हीच आमची लक्ष्मी!”

कुंकवाचं ते बोट केरसुणीला निखाऱ्यासारखं लागलं.

व्यापारी मंडळी, वहीतही केर जाजमाखाली सारू नका, हिशेब खरा ठेवा. नासलेला मालही त्यात मांडा, एवढीच विनंती.