भिंगरीचा नाच

फार पूर्वी जांभळीवरच्या पोळ्यात भिंगरी नावाची मधमाशी होती. फुलं कुठे फुललीत ते ती नाचून दाखवायची, आणि बाकीच्या माश्या त्या दिशेनं उडायच्या.

एकदा वाटेत तिला ताडीचं मडकं दिसलं. "थेंबभरानं काय होतंय!" म्हणत ती आत उतरली. परतली ती गरागरा गिरक्या घेतच.

"एवढ्या गिरक्या? म्हणजे फुलं चहूकडे असणार!" म्हातारी गंगूमावशी हरखली. साऱ्या जणी दिवसभर त्याच जांभळीभोवती गरगरल्या. पोळ्यात पिल्लं उपाशी रडत होती.

संध्याकाळी माश्या रिकाम्या हातांनी, झोकांड्या खात परतल्या. भिंगरीनं एक डोळा उघडला.

"मावशी, लाज नाही वाटत? घरात पिल्लं उपाशी, आणि तुम्ही पिऊन येता?"