खारीची कमळपानं

फार मागं, जनावरं एकमेकांच्या चाकरीत असत तेव्हाची गोष्ट. खार हत्तीचे निरोप पोचवायची. वाटेत नदी लागे. कासव तिला पाठीवरून पार करी, पण दर खेपेला मूठभर चारोळ्या घेई, आणि कमळाचं पान कुरतडून खूण करून देई. ते पान कोठीवरच्या साळिंदराला दाखवलं, की हत्तीच्या कोठीतून तेवढ्या चारोळ्या परत मिळत.

पण खार पडली भिडस्त. म्हणे, "एवढ्याशासाठी रोज काय हात पसरायचा? साठवून एकदमच मागेन."

कासव म्हणालं, "अगं बये, पान आहे ते, दगड नव्हे!"

ती हसली. आपल्या बेगमीतल्या चारोळ्या देत राहिली, पानं ढोलीत ठेवत राहिली.

पावसाळा तोंडावर आला. पिल्लांना घालायला ढोलीत एक चारोळी उरली नव्हती, नुसती पानं. ती घेऊन खार धावत कोठीवर गेली. साळिंदरानं पहिलं पान उचललं, त्याचा भुगा झाला. दुसऱ्याचाही.

"खूण कुठं बघू गं, खारूताई?" तो हळहळला. "तू खेपा घातल्यास, सगळं रान जाणतं. हिरवं होतं तेव्हा का नाही आणलंस?"

खार पानांचा भुगा मुठीत घेऊन परतली. पिल्लं धावत आली, "आई, मुठीत काय आणलंस?"

तिनं मूठ उघडलीच नाही.