दिवाणखान्यातली अंबाबाई

दाजीबा चिताऱ्याने रंगवलेली अंबाबाई सरकारांच्या दिवाणखान्यात होती. छापखान्याने तिचे कागद काढले आणि ती न्हाव्याच्या दुकानातही जाऊन बसली. तेव्हापासून सरकारांना चैन नव्हतं.

येरझाऱ्या घालत ते दाजीबावर ओरडले, "असल चित्र माझं! नकला आजच्या आज जाळून टाक!"

"जाळतो सरकार. आईसाहेबांच्या देवघरापासून सुरुवात करू?"

सरकार तरातरा देवघरात गेले. आईसाहेब छापील देवीला कुंकू लावत होत्या.

"आईसाहेब, घरात असल असताना हा कागद?"

"तिथे तुमचे पाहुणे बूट घालून दारू पितात. हात कसे जोडू?"

सरकार वळले. दारातून दाजीबा म्हणाला, "माझं चित्र तुमच्याकडेच आहे, सरकार. देवी तेवढी कागदावर राहायला आली."